ट्रकचं इंजिन-गिअरबॉक्स बदलल्यावर गिअर नीट पडत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडजवळ हायवेला लागून माझं गॅरेज आहे, काम जड गाड्यांचं. गळीत हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रकचे मालक दमलेलं इंजिन उतरवून दुसरं बसवून घेतात. त्याच्यासोबत गिअरबॉक्स बदलतो, कधी मागचं हाउसिंगही, म्हणजे मागच्या चाकांमधला ॲक्सल, बदलतं. गाडी चालू होते, इंजिनाचा आवाज छान येतो, सगळे खूश होतात. मग पहिल्या फेरीलाच ड्रायव्हरचा फोन येतो, "शेठ, गिअर पडत नाही." त्यानंतर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशा दहा गाड्या आल्या तर त्यातल्या बहुतेकांचा गिअरबॉक्स आतून चांगला असतो. दोष असतो तो जुना भाग नव्या भागाला जिथे जोडला तिथे. म्हणून पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, उघडायची घाई करू नका. उघडलेली पेटी परत तशीच बसेल याची खात्री कोणी देत नाही, आणि खर्च तर होतोच.

सगळं बसवलं, पण गिअर टाकताना खरखर येते. जुना गिअरबॉक्स खराबच मिळाला का?

आधी एक साधी चाचणी करा, तिला पान्हाही लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, इंजिन बंद करा. आता क्लच दाबून एकेक गिअर टाका. एखादा गिअर अडला तर लगेच निष्कर्ष काढू नका, दात समोरासमोर आले असतील. क्लच सोडून परत दाबा किंवा गाडी तसूभर ढकला, आणि पुन्हा टाकून बघा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावरच खरखर येते, तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सला दोष देऊ नका. इंजिन बंद असतानाही लिव्हर अडतो, गेट सापडत नाही, गिअर अर्धवट पडल्यासारखा वाटतो, तर लिव्हरपासून सिलेक्टरपर्यंतच्या (पेटीवरचा गिअर निवडणारा भाग) जोडणीत गडबड आहे. गाडी चालवताना पाचातला एखादाच गिअर खरखरतो आणि बाकीचे छान पडतात, तेव्हाच आतल्या सिंक्रो रिंगवर (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी पितळी कडी) संशय घ्यायचा. क्लचचा दोष सगळ्या गिअरना सारखा जाणवतो. रिंगचा दोष एकाच गिअरला धरून असतो.

क्लच सुटत नाही हे नक्की कसं ओळखायचं? पेडल तर नीट दाबलं जातं.

पेडल दाबलं गेलं म्हणजे क्लच सुटला, असं नाही. इंजिन आयडलला ठेवा, लिव्हर न्यूट्रलला, क्लच तळापर्यंत दाबा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. आपल्या बहुतेक ट्रकमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. क्लच सुटला असेल तर दहा आकड्यांत इनपुट शाफ्ट (क्लचमधून पेटीत जाणारा दांडा) थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. अजूनही करकर येत असेल, तर शाफ्टला कोणीतरी फिरवत ठेवलं आहे.

आयडल आधी बघून घ्या. दुसरं इंजिन बसवताना पंपाचं सेटिंग चढं राहिलं असेल आणि इंजिन आयडललाच जास्त फिरत असेल, तर चांगला क्लचही वाईट दिसतो.

मग शाफ्टला फिरवत ठेवतं कोण?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्याहून जास्त गाड्या याच प्रश्नात अडकतात.

पहिला संशय तेलाच्या लाइनवर. इंजिन उतरवताना स्लेव्ह सिलेंडर (पेटीजवळचा, तेलाच्या दाबाने क्लच उघडणारा) सुटतो, लाइनमध्ये हवा शिरते. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडायला लागला तर हवाच आहे. एअर काढा, आणि काढल्यावर अर्ध्या तासाने परत एकदा काढा.

दुसरा संशय सिलेंडरच्या मापावर. गाडीतला मास्टर सिलेंडर (पेडलजवळचा, तेल ढकलणारा) जुनाच राहतो आणि स्लेव्ह नव्या गिअरबॉक्ससोबत येतो. दोघांची जोडी जमलेली नसते. हिशोब करून बघा. मास्टरचा बोअर १९ मिलिमीटर, त्याच्या दांड्याची चाल ३० मिलिमीटर. स्लेव्हचा बोअर २२ असेल तर स्लेव्हचा दांडा सुमारे २२ मिलिमीटर सरकतो. तोच बोअर २५ असेल तर चाल १७ वर येते. पाच मिलिमीटर कमी! पेडल हलकं लागतं, ड्रायव्हरला बरं वाटतं, आणि क्लच मात्र पूर्ण उघडतच नाही. म्हणून सांगतो, पेडल मारून अंदाज बांधू नका. एकाला पेडल दाबायला लावा, खाली जाऊन स्लेव्हच्या दांड्याची चाल पट्टीने मोजा आणि ती मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. हवेवर चालणारा क्लच बूस्टर असेल तर हे मोजमाप टाकीत हवा पूर्ण भरल्यावरच करा.

तिसरी गोष्ट क्लच प्लेटची बाजू. प्लेटच्या हबची एक बाजू जास्त बाहेर आलेली असते. प्लेट उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागचं जड चाक) बोल्टना घासतो आणि क्लच कधीच सुटत नाही. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. पण घाईत, अंधारात, बॅटरीच्या उजेडात काम चाललेलं असतं. ही चूक चांगल्या चांगल्या मिस्त्रींकडून होते.

चौथी गोष्ट स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या लांब खाचा. गंजलेल्या किंवा कडा उठलेल्या स्प्लाइनवर प्लेट सरकत नाही. बसवण्याआधी प्लेट हाताने शाफ्टवर घालून पुढेमागे सरकवून बघायची. बोटांच्या जोरावर सरकली पाहिजे. ग्रीस लावायचं, पण अगदी पुसल्यासारखं. जास्त लावलं की ते उडून लायनिंगवर जातं आणि मग क्लच घसरायला लागतो.

प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, रिलीज बेअरिंग नवं. तरीही क्लच सुटत नाही!

गिअरबॉक्स चढवला कसा, ते विचारा.

दोन वर्षांपूर्वी एक दहाचाकी आली होती, दुसरीकडे काम करून आलेली. तीन आठवड्यांत दोनदा गिअरबॉक्स उतरवून झाला होता, मालक अक्षरशः रडकुंडीला आलेला. मी क्लच प्लेट काढून डमी शाफ्टवर बसवली आणि हाताने फिरवली. प्लेटची कड सुईसमोरून जाताना लाटेसारखी वरखाली होत होती. डायल गेजवर दीड मिलिमीटरच्या वर डोलत होती. नवी कोरी प्लेट, लायनिंगवर अजून छापाची शाई दिसत होती. झालं असं होतं की गिअरबॉक्स चढवताना इनपुट शाफ्ट प्लेटमध्ये शिरला, आणि हेल्परने जॅक सोडला. पेटीचं दीडशे-दोनशे किलोचं वजन काही क्षण त्या प्लेटच्या हबवर लोंबकळलं. तेवढ्यात प्लेट वाकली. वाकलेली प्लेट कितीही पेडल दाबलं तरी एका बाजूने फ्लायव्हीलला आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला टेकूनच राहते.

म्हणून माझ्याकडे नियम आहे. दोन लांब गाइड बोल्ट लावल्याशिवाय पेटी चढवायची नाही, आणि बेल हाउसिंग (पेटीचं पुढचं, क्लच झाकणारं कवच) इंजिनाला हाताने टेकल्याशिवाय एकही बोल्ट पान्ह्याने आवळायचा नाही. बोल्ट आवळून पेटी ओढून घ्यायची सवय फार वाईट. कधी हाउसिंगचा कान तुटतो, कधी प्लेट वाकते, कधी पायलट बेअरिंग दबतं.

पायलट बेअरिंग एवढंसं असतं. त्याने काय फरक पडतो?

फार पडतो. इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये बसतं. इंजिन एका गाडीचं, पेटी दुसऱ्या गाडीची, असं असलं की बेअरिंगचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलला जमतो पण आतला शाफ्टला जमत नाही, किंवा याच्या उलट होतं. ढिलं बसलं तर शाफ्ट डोलतो, पेटीचं पुढचं बेअरिंग खातो आणि गिअर सुटायला लागतो. घट्ट बसलं किंवा जाम झालं तर क्लच पूर्ण सुटूनही क्रँक त्या बेअरिंगमधूनच शाफ्टला फिरवत ठेवतो. मग तुम्ही क्लच चार वेळा बदला, रिव्हर्स खरखरणारच. किंमत काहीशे रुपये. दर वेळी नवंच घाला, आणि बसवण्याआधी दोन्ही व्यास व्हर्नियरने मोजून घ्या.

दोन्ही इंजिनं टाटाचीच आहेत. मग माप वेगळं कसं?

हा गैरसमज आपल्याकडे खोल रुजलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये संपला, पण त्या घडणीच्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं थोड्याफार फरकाने चालत राहिल्या. वडिलांच्या पिढीतले मिस्त्री एका गाडीचा भाग दुसरीला लावून मोकळे होत. त्यांचं बरोबरच होतं, तेव्हा माल तसा होता. पुढे १९९३ मध्ये टाटा कमिन्स सुरू झाली आणि जमशेदपूरला ५.९ लिटरची कमिन्स इंजिनं बनू लागली. त्यानंतर बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या केबिनखाली कुठे ६९७ इंजिन, कुठे कमिन्स आलं. बोनेट सारखं, गाडीवर लिहिलेलं मॉडेल जवळजवळ सारखं, पण फ्लायव्हीलची खोली, हाउसिंग, माउंटिंग, क्लचचा व्यास यातलं काहीही सारखं धरून चालता येत नाही. मागे गिअरबॉक्सही जीबीएस-४० की जीबीएस-५० की सहा गिअरचा जी-६००, हे प्लेट वाचूनच ठरवायचं.

फ्लायव्हील हाउसिंगला एसएई क्रमांक, म्हणजे मापाचा प्रमाणित क्रमांक, असतो. क्रमांक जितका लहान, तितकं हाउसिंग मोठं. क्रमांक जुळला म्हणजे बोल्टची भोकं जुळली, एवढंच. शाफ्टची लांबी, स्प्लाइनची संख्या, रिलीज बेअरिंगची जागा हे सगळं वेगळं मोजावं लागतं. खरेदीला जाताना जुनी क्लच प्लेट आणि व्हर्नियर सोबत घेऊन जा. शक्य असेल तर इंजिन, फ्लायव्हील, क्लच, हाउसिंग आणि पेटी हा संच एकाच गाडीतून आलेला घ्या. चार पैसे जास्त जातील, पण वर लिहिलेल्यातल्या अर्ध्या भानगडी होणारच नाहीत.

फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं. ते चुकलं का?

घासून घ्यायलाच हवं होतं. पण ज्या फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेट बसते ती जागा वेगवेगळ्या उंचीवर असतात, तिथे दोन्ही जागा सारख्याच उतरवाव्या लागतात. लेथवाल्याने फक्त घासाची जागा खोल केली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो, क्लच घसरतो आणि फिंगरची (प्रेशर प्लेटच्या मधल्या पट्ट्या) उंचीही बदलते. पायरीचं माप आधी लिहून घ्या, नंतर मोजा.

फ्लायव्हीलचं हाउसिंग सेंटरला आहे की नाही हे कोण बघतं?

फार थोडे बघतात, हेच तर दुखणं आहे. मॅग्नेटचा डायल गेज फ्लायव्हीलला लावा, सुई हाउसिंगच्या आतल्या गोलाईवर टेकवा, आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. मग हेच हाउसिंगच्या तोंडावर करा. या आकाराच्या गाड्यांना दोन्हीकडे ०.२० मिलिमीटरच्या आत फरक चालतो. जास्त आला तर पेटी इंजिनाच्या रेषेत नाही. क्लच लवकर जातो, टॉप गिअर सुटतो, आणि कारण कोणालाच सापडत नाही.

बऱ्याचदा हाउसिंग वाकडं नसतंच. डॉवेल पिन (हाउसिंग नेमक्या जागी धरणारी खुंटी) हरवलेली असते, किंवा तोंडावर जुन्या सीलंटचा पापुद्रा, रंगाचा थेंब, एखादी उठलेली कड राहिलेली असते. वस्तरा घेऊन दोन्ही तोंडं लख्ख करा आणि बोट फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारी कड बोटाला लागते.

चालत्या गाडीचा गिअर आपोआप सुटतो. विशेषतः उतारावर.

हा प्रश्न कोणी विचारला की मी पहिल्यांदा एकच सांगतो, गाडी घाटात नेऊ नका. कुंभार्ली असो, खंबाटकी असो, भरलेली गाडी उतरताना गिअर सुटला की इंजिनाचा ब्रेक गेला. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. त्या वेगात परत गिअर पडेलच असं नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवा. एक फेरी बुडाली तर बुडू द्या.

आता कारणं. इंजिन बदलल्यावर पेटी मूळ जागेपेक्षा दोन-चार सेंटिमीटर पुढे किंवा मागे बसते. लिव्हर मात्र केबिनमध्ये जिथे होता तिथेच असतो. मधला दांडा किंवा केबल जुन्याच लांबीची राहिली तर लिव्हर एका बाजूला आधी टेकतो आणि स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) गिअरवर पूर्ण सरकत नाही. गिअर अर्ध्या दातांवर धरून असतो. चढाला धरून राहतो, उताराला भार उलटा झाला की निसटतो.

तपासायची पद्धत अशी. पेटीवरच्या सिलेक्टरपासून दांडा किंवा केबल सोडवा. हाताने सिलेक्टर थेट हलवून गिअर टाका, "खट" आवाज येऊन बसेल. त्या जागी खडूने खूण करा. आता दांडा परत जोडा आणि लिव्हरने तोच गिअर टाका. सिलेक्टर खुणेपर्यंत पोचला नाही, तर दांड्याची लांबी चुकली आहे. प्रत्येक गिअरला हे करा, वेळ लागतो पण शंका राहत नाही. केबिन उलटणाऱ्या गाडीत केबिन खाली आल्यावर परत एकदा बघा, कारण वर असताना बरोबर वाटलेलं खाली आल्यावर अडकू शकतं. लिव्हरचा रबरी बूट फ्लोअरच्या पत्र्याला लागतो का, हेही.

माउंटिंगचे रबर मऊ झाले असतील तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन-पेटी एका अंगावर जाते, दांडा ओढला जातो आणि गिअर सुटतो. दांडा सुटा करूनही गिअर सुटत असेल, तर मात्र डिटेंटच्या (गिअर जागेवर धरणाऱ्या) स्प्रिंग-गोळ्या, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) आणि स्लीव्हच्या दातांकडे जावं लागतं. तिथे पेटी उघडण्याला पर्याय नाही.

इंजिन बदलल्यापासून ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि गिअर कडक होतात. संबंध आहे का?

आहे. पेटी मागे सरकली की प्रोपेलर शाफ्ट जास्तीचा लांब ठरतो. रिकाम्या गाडीत तो बसतो. माल भरला, पाटे दबले, की स्लिप जॉइंट तळाला टेकतो आणि शाफ्ट पेटीच्या मागच्या शाफ्टला पुढे ढकलतो. बेअरिंग आणि गिअर दोन्ही मार खातात. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्थांत स्लिपचं माप घ्या. दोन्ही दिशांना चाल शिल्लक दिसली पाहिजे.

कोनही बघा. पेटीचा मागचा फ्लँज आणि मागच्या हाउसिंगचा पुढचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फार तर एका अंशाचा फरक. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप यासाठी पुरतं. इंजिनाचं माउंटिंग नवीन वेल्ड केलं असेल तर हा कोन हमखास बिघडलेला सापडतो. शाफ्ट सोडवून परत जोडताना त्यावरचे बाण समोरासमोर आणा. बाण चुकले तर दोन्ही क्रॉसचा (शाफ्टच्या टोकांचे सांधे) झटका एकमेकांना रद्द करण्याऐवजी एकत्र होतो, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोनदा थरथर येते.

मागचं हाउसिंगही बदललं. आता घाटात दुसऱ्या गिअरला गाडी दम टाकते, गिअर सारखे बदलावे लागतात.

क्राउनचा (मागच्या हाउसिंगमधलं मोठं दातेरी चाक) रेशो बदलला असणार. ४१ ला ६ दातांचा क्राउन-पिनियन म्हणजे ६.८३. ४१ ला ७ म्हणजे ५.८६. १०.००-२० च्या टायरचा घेर साधारण ३.२ मीटर धरा, टॉप गिअर डायरेक्ट. इंजिन २००० आरपीएमला असताना ६.८३ वर गाडी ५६ किलोमीटरने धावते, ५.८६ वर ६५-६६ ने. सपाटीवर ही बचत आहे. चढावर मात्र चाकाला मिळणारा जोर त्याच प्रमाणात कमी. ऊस भरून पाटणच्या बाजूची चढण चढणाऱ्या गाडीला ६.८३ च बरा, असं माझं मत आहे. सपाट महामार्गावर लांब पल्ल्याला ५.८६ घ्या.

याचा एक छुपा परिणाम आहे. स्पीडोमीटर पेटीच्या मागच्या टोकावरून वेग घेतो. सेटिंग ६.८३ चंच राहिलं तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ७० ने धावत असते. मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून बघा.

रेशो ओळखायला प्लेट नसेल तर न्यूट्रलमध्ये एकच मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर ओट लावून पक्कं ठेवा. उचललेलं चाक दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. जेवढ्या फेऱ्या, तेवढा रेशो.

गिअर ऑइल कोणतं घालायचं?

पेटीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. आपल्या बहुतेक सिंक्रो पेट्यांना ८०डब्ल्यू-९० जीएल-४ चालतं, मागच्या हाउसिंगला जीएल-५. दुकानात एकच ड्रम असतो म्हणून दोन्हीकडे जीएल-५ घालू नका. त्यातल्या रसायनांचा पितळी सिंक्रो रिंगला त्रास होतो, आणि रिंगला जो घास लागतो तोही नीट मिळत नाही. काही पेट्या इंजिन ऑइलवर चालतात. त्यांना जाड गिअर ऑइल घातलं की सकाळी गिअर दगडासारखे लागतात आणि दुपारी सुटे होतात. लेव्हल बोल्टच्या भोकापर्यंत, त्याच्या वर नाही. ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक) मातीने बुजला असेल तर सीलमधून तेल बाहेर येतं. तिथे सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा.

एक गिअर अजिबात पडत नाही, बाकी सगळे पडतात.

रिव्हर्स लाइटचा किंवा न्यूट्रलचा स्विच बघा. दुसऱ्या पेटीचा स्विच लावला, त्याचं टोक लांब निघालं किंवा खालचा वॉशर राहिला, तर ते आत सिलेक्टरच्या रॉडला अडतं. स्विच काढून गिअर टाकून बघा. अशा एका गाडीचा मी पाच मिनिटांत निकाल लावला होता, आणि आदल्या दिवशी त्याच पेटीचं उघडण्याचं एस्टिमेट दिलं गेलेलं होतं.

दोन गिअर एकदम पडून पेटी जाम झाली.

वरचं कव्हर कोणीतरी उघडलं होतं का? इंटरलॉक पिन (दोन गिअर एकदम पडू न देणारी) परत बसवली गेली नसेल, किंवा कव्हर लावताना फोर्क स्लीव्हच्या खाचेत बसले नसतील. जोर लावू नका, गाडी ओढूनही नेऊ नका. कव्हर उघडा, सगळ्या स्लीव्ह हाताने न्यूट्रलला आणा, पिन मोजून बसवा.

नऊ गिअरची पेटी आहे. लो मधून हाय लागतच नाही.

रेंज, म्हणजे लो-हाय, हवेवर बदलते. टाकीत हवा पूर्ण भरली आहे का, पेटीकडे जाणारी लाइन जोडली आहे का, रेग्युलेटरमध्ये पाणी साचलं आहे का, ते बघा. रेंज सिलेंडरच्या दोन बारीक नळ्या अदलाबदल झाल्या तर लो मागितल्यावर हाय मिळतं. ड्रायव्हर म्हणतो पहिल्याला गाडी उठत नाही, आणि सगळे क्लच शोधत बसतात.

बीएस-६ गाडीला जुनं इंजिन किंवा साधी पेटी बसवता येईल का?

माझा सल्ला, नको. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं. या गाड्यांत इंजिन, ब्रेक, मीटर, पेटी एकमेकांशी तारेवरून बोलत असतात. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी पेटी, असेल तर पेटीचा कॉम्प्युटर इंजिनाकडून टॉर्कचा आकडा मागतो. तो मिळाला नाही की गिअर टाकतच नाही, किंवा झटक्याने टाकतो. नवा क्लच घातल्यावर क्लचचं लर्निंग, आणि क्राउन किंवा टायर बदलल्यावर रेशोचं सेटिंग कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच करावं लागतं. वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा. एका ठिणगीने कॉम्प्युटर गेलेला मी पाहिला आहे.

इंजिन बदललं तर आरटीओत सांगावं लागतं का?

हो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. इंजिन बदलण्याआधी परवानगी घ्यायची. परवानगीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, म्हणजे नवा इंजिन नंबर आरसीवर येईल. खरेदीची पावती आणि जुन्या इंजिनाची कागदपत्रं विकणाऱ्याकडून तेव्हाच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाल्यावर इंजिन नंबर जुळला नाही तर दावा अडकतो, आणि तेव्हा धावपळ करून काही होत नाही.

सगळं जुळलं. आता लगेच भरून न्यायची का?

पहिले दोन-तीन दिवस हलक्या भाराने चालवा. नव्या प्लेटचं लायनिंग फ्लायव्हीलवर बसायला वेळ लागतो. तेवढ्या काळात अर्धा क्लच दाबून चढावर गाडी धरून ठेवली तर प्लेट निळी पडते, वाकते, आणि आपण परत पहिल्या प्रश्नावर येतो. ड्रायव्हरला हे समोर बसवून सांगा, मालकाने फोनवर सांगितलेलं पोचत नाही.

पन्नास-साठ किलोमीटरनंतर गाडी सावलीत उभी करा आणि खाली जा. बेल हाउसिंगचे बोल्ट, माउंटिंगचे बोल्ट, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट परत टॉर्कने आवळा. स्लेव्हच्या रबरी बुटात बोट घालून तेल लागतं का बघा. पेटी तापलेली असताना दहा आकड्यांची रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा, कारण थंड गाडीत पास झालेला क्लच गरम झाल्यावर नापास होतो. मग आठवड्याने ड्रेन बोल्ट काढा. त्याच्या मॅग्नेटवर काळसर चिखलासारखा लेप दिसला तर तो नेहमीचा. पितळेची चमक किंवा नखाएवढे तुकडे दिसले, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.